विगनला किमान एक रात्र तरी राहा

फिलिपिन्समधल्या विगन गावाबद्दल एक लेख वाचला, त्यात ते मनिलाहून एका दिवसात उरकता येईल असं लिहिलंय, पण प्लीज तसं करू नका. अंतर जवळजवळ ४०० किलोमीटर आहे, बसमध्येच आठ-दहा तास जातात, मग बघणार काय आणि कधी? आम्ही विमानाने विगनच्या उत्तरेला असलेल्या लावाग शहरात उतरलो, तिथून विगन साधारण ८० किलोमीटर, आणि वाटेत पावाय गावातलं जुनं चर्च लागतं ते अजिबात चुकवू नका. विटा आणि प्रवाळाच्या दगडाचं बांधकाम, भूकंपात टिकावं म्हणून भिंतींना बाहेरून एवढे जाडजूड टेकू दिलेत की बघत राहावं, घंटेचा मनोरा पण मुद्दाम चर्चपासून लांब बांधलाय.

विगनमधे काये क्रिसोलोगो या जुन्या घरांच्या रस्त्यावरून संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर आणि पहाटे असं दोनदा चाला. घरं खाली दगड-विटांची, वर लाकडी, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन!! गोव्यातल्या जुन्या घरांत असतात ना, अगदी तश्शाच, मला तर एकदम आजोळी आल्यासारखं वाटलं. १५७२ मधे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण लोक अजून तिथेच राहतात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शाकाहारी असाल तर एम्पानाडा (करंजीसारखा तळलेला पदार्थ) सॉसेज आणि अंडं न घालता मागा, आत कच्ची पपई असते, मस्त लागतो. जून ते ऑक्टोबर वादळांचे दिवस, तिकीट डिसेंबर-फेब्रुवारीचंच काढा.