भाचा आरोपी असेल तर सरकारी वकिलाने काय करावे

रात्री नऊला ताईचा फोन येतो, "अरे, बंट्याने जरा गडबड केलीय." जरा म्हणजे बडोद्याच्या अकोटा पुलावर भाजीवाल्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, गाडी घातली आणि त्याचा पाय मोडला. दारूबंदीच्या गुजरातेत तोंडाला आलेला वास अर्थातच खोकल्याच्या औषधाचा. घाबरू नका. फाइल दिवाळीपुऱ्याला तुमच्याच कोर्टात आलीय, ही कुलदैवताची कृपा समजा.

'आरोपी माझा सख्खा भाचा आहे, खटला दुसऱ्याकडे द्यावा' असा एकपानी अर्ज वरिष्ठांना मुळीच लिहू नका. लिहायला दहा मिनिटं लागतात, पण भाऊबीजेला तुमचा पाट मांडला जाणार नाही. खटला मागे घ्यायच्याही भानगडीत पडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा, तिच्या कलम ३६० खाली कोर्टाची संमती लागते, शिवाय आता पीडिताचंही ऐकून घ्यावं लागतं. म्हणजे लारीवाला बोलणार!

त्यापेक्षा खटला चालवा आणि हरा.

साक्षीदाराला पिंजऱ्यात चढण्याआधी त्याचा पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवू नका. मग विचारा, "काय झालं ते सांगा." स्टिअरिंगवर कोण होतं, हे विचारू नका. "गाडी जोरात होती" म्हणाला की लगेच खाली बसा. नुसत्या 'जोरात'वर बेदरकारपणा सिद्ध होत नाही. गाडी कोणत्या बाजूला होती, ब्रेक लागला का, लारी किती फूट फरफटली, हे विचारलं तर होतो.

साक्षीदार उलटला तर त्याला फितूर ठरवण्याची परवानगी जरूर मागा, आवाज चढवून. पोलिसांपुढच्या जबाबातला 'अ' ते 'अ' अशी खूण केलेला भाग त्याच्यापुढे ठेवा, तो "असं सांगितलं नाही" म्हणेल. पुढे तो जबाब लिहून घेणारा तपास अधिकारी साक्षीला आला की त्या भागाबद्दल त्याला एक अक्षर विचारू नका. विसंगती दाखवली, पण शाबीत झाली नाही. याहून सुबक चूक शोधून सापडणार नाही.

रक्ताचा नमुना मात्र त्रासदायक. बाटली पोलीस ठाण्यातून प्रयोगशाळेत नेणारा हवालदार साक्षीदारांच्या यादीत असतोच. 'या साक्षीदाराची जरूर नाही' अशी दोन ओळींची पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या. मधले चार दिवस बाटली कुठल्या कपाटात होती, यावर बचावाचा वकील मग तासभर बोलेल. तुम्ही टिपणं काढत राहा.

अतिरेक नको. याच गावच्या बेस्ट बेकरी खटल्यात, म्हणजे २००२च्या दंगलीतल्या हत्याकांडाच्या खटल्यात, २००३ साली सगळे २१ आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगितला आणि सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखा वागला, असं निकालातच लिहून ठेवलं. पण तिकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं. एका लारीवाल्याच्या पायाकडे कोण बघतंय?

फक्त त्याला तुमच्या जोडीला स्वतःचा वकील देता येतो, हे त्याला कळू देऊ नका. कुबडी भिंतीला टेकवून तो विचारेल, "साहेब, हवे क्यारनी मुदत?" तारीख सांगा, सावकाश, दोनदा. लारी कुठे लावायचास, ते तेवढं विचारू नका. ताई मेथी त्याच्याकडूनच घ्यायची.