‘यूट्यूब बघून लिहिलंय’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सायकलचं पेडल कसं मारावं (वर येणारा पाय हलका करा, केडन्स 90 ठेवा, परवडत असतील तर क्लीट्स घ्या) यावरच्या माझ्या पोस्टवर काल एक लांबलचक कमेंट आली. थोडक्यात म्हणणं असं, की पेडल वर ओढून एफिशियन्सी वाढत नाही उलट कमी होते हे 2007 सालच्या अभ्यासात दिसलंय, 90 चा केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) हौशी माणसाला झेपत नाही, क्लीट्सचा (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्ट्यांचा) खर्च लोकांच्या माथी मारू नका, आणि शेवटी ‘यूट्यूब बघून लिहिलेलं दिसतंय, रोज सायकल चालवणारा असं लिहिणार नाही’.

अहो साहेब, मुद्दा मांडा की, कोण नको म्हणतंय, पण समोरच्याची काही माहिती नसताना ही कुठली बोलायची पद्धत? वडिलांच्या 22 इंची सायकलवर नळीखालून पाय घालून सदाशिव पेठेच्या गल्लीत शिकलोय मी. कॉलेज सायकलवरच केलं, पुढे गिअरची घेतली तेव्हा दुकानदाराने सीट इतकी खाली लावून दिली की सिंहगडाच्या दोन-चार फेऱ्यांतच गुडघ्याची वाटी ठणकायला लागली, तेव्हापासून कुणाचीही सायकल बघितली तरी पेडल तळाला असताना गुडघा किती वाकतोय तिकडेच आधी लक्ष जातं (साधारण 25 ते 35 अंश वाकायला हवा). हे मला माझ्या गुडघ्याने शिकवलंय.

आता ते ओढण्याचं. ‘ओढा’ असं मी लिहिलेलंच नाही, पोस्ट परत वाचा! मी लिहिलंय वर येणारा पाय हलका करा. तो अभ्यास मलाही माहितीये, आठ सायकलिस्ट, 200 वॅट, 90 केडन्स, त्यांना मुद्दाम जोर लावून पेडल वर खेचायला सांगितलं तेव्हा ऑक्सिजन जास्त लागला. बरोबरच आहे, मुख्य ताकद खाली दाबतानाच लागते. पण मागचा पाय पेडलवर तसाच टाकून दिला की पुढच्या पायाला त्याचंही वजन उचलावं लागतं. चांगल्या रायडरचाही पाय वर येताना पेडलला थोडा खाली रेटा देतोच, आपण तो फक्त कमी करायचा. ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) एकाच पायाने पेडल मारून बघा, वरच्या टोकाला चेन सैल पडते आणि पुढच्या क्षणी खट्कन ताणली जाते. तो खट् आवाज गेला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

केडन्सचं म्हणाल तर 90 सपाट रस्त्यासाठी होता, ते स्पष्ट लिहायला हवं होतं, मान्य. 34-28 गिअरवर (पुढे 34 दाते, मागे 28) 90 म्हणजे ताशी जवळजवळ 14 किमी, सिंहगडाच्या चढाला आपल्यासारख्यांचे 60-70 फिरले तरी पुष्कळ. क्लीट्सचं मी ‘परवडत असतील तर’ असं लिहिलंय, त्यावर वाद घालत नाही.

बाकी एकदा ट्रेनरवर बसा, तो खट् आवाज स्वतःच्या कानांनी ऐका, मग पुढची कमेंट टाका. आणि टाकताना भाषा जरा सांभाळा.