ड्राय बाल्कनीतले दोन फूट

ठाण्यात नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि भाडं याशिवाय दुसरा विषय नव्हता. गेल्या महिन्यात त्यात आईचं वॉशिंग मशीन आलं. १९९७ साली बाबांनी बोनसच्या पैशांतून घेतलेलं सेमी, म्हणजे धुवायचा आणि पिळायचा टब वेगळा असलेलं सेमी-ऑटोमॅटिक. दादाचं म्हणणं, नव्या घरात हे धूड न्यायचं नाही, आत्ताच भंगारवाल्याला देऊन टाकू. आईचं म्हणणं, चालतंय ना अजून? मी इथून, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डी मॉइनहून, आईची बाजू घेतली तर दादाने लिहिलं, "तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

या विषयात तरी मी उंटावर नाही. माझ्या तळघरात १९८४ चं मेटॅग कंपनीचं वॉशिंग मशीन आहे आणि त्याच्या शेजारी तेवढाच जुना ड्रायर. आम्हा चौघांचे रोजचे कपडे गेली नऊ वर्षं त्यांतच धुतले आणि वाळवले जातात.

इथून तासाभराच्या आत न्यूटन नावाचं गाव आहे. फ्रेडरिक मेटॅग यांचा कारखाना तिथे १८९३ मध्ये शेतीच्या अवजारांपासून सुरू झाला, १९०७ मध्ये कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि पुढची शंभर वर्षं गाव त्यावर जगलं. २००६ मध्ये कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद पडला. तिथून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने मला माझं मशीन उघडायला शिकवलं. खालचे दोन स्क्रू काढले की पुढचा पत्रा हातात येतो. आत एक मोटर, दोन पट्टे, एक पंप. मोटर एका दिशेने फिरली की कपडे घुसळले जातात, उलटी फिरली की पाणी निघून कपडे पिळले जातात. लपलेलं काही नाही. मागच्या वर्षी पट्टे मी स्वतः बदलले, माझ्या मुलीने टॉर्च धरला होता.

तरीही हेच मशीन ठाण्यात असतं तर मी ते वापरलं नसतं. एका धुण्याला ते जवळजवळ दीडशे लिटर पाणी घेतं. आजची चांगली मशीनं तेच काम पन्नास-पंचावन्न लिटरमध्ये करतात. इथे त्या पाण्याचं बिल येतं, मी भरतो. पण २०२५ च्या जूनमध्ये आमच्या नद्यांत शेतांतलं नायट्रेट इतकं वाढलं की शुद्धीकरण पुरं पडेना आणि हिरवळीवर पाणी मारायला बंदी आली. त्या दिवसांत मी आठवड्याला दोनदाच मशीन लावलं आणि तेव्हा मला ठाणे आठवत होतं. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. नवी मुंबईने मोरबे धरण विकत घेतलं म्हणून ती निवांत; आपल्याला भातसा नदी, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असं चार ठिकाणांहून पाणी जमवावं लागतं. दुरुस्तीसाठी पाणी बंद, म्हणजे शटडाऊन, म्हटलं की घोडबंदरच्या सोसायट्या टँकरला फोन लावतात. तिथे दीडशे लिटरचं मशीन चालवणं मला चूकच वाटतं, मग ते कितीही सुबक असो.

पण दादाचं 'जुनं म्हणजे पाणी खाणारं' हे गणित आईच्या मशीनला लागू पडत नाही. ती काय करते ते मी लहानपणापासून पाहिलंय. टब एकदा भरायचा, चाळीसएक लिटर. साबणाच्या त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळबळायला तोच टब दुसऱ्यांदा भरायचा. ते पाणी नळीने बादल्यांत आणि त्यावर संडास-बाथरूम. पाणी किती, कशाला आणि किती वेळा, हे ती ठरवते. ऑटोमॅटिक मशीन पाणी कमी घेत असेल, पण घेतलेलं प्रत्येक पाणी गटारात सोडून मोकळं होतं.

आई ज्याला ड्रायर म्हणते तो म्हणजे मशीनचा पिळायचा टब, गरम हवेचा नव्हे. कपडे नीट दाबून भरायचे, वर ती गोल प्लास्टिकची चकती बसवायची, झाकण लावायचं. चकती विसरली की सगळं मशीन धडधडत भिंतीकडे सरकतं. हा टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो. वरून कपडे टाकायची बरीचशी ऑटोमॅटिक मशीनं सातशेच्या आसपास. जुलैत, जेव्हा ठाण्यात चार दिवस ऊन नसतं आणि कपड्यांना कुबट वास धरतो, तेव्हा हा फरक दांडीवर कळतो. रात्री पंख्याखाली घातलेला शर्ट सकाळी घालता येतो.

आता नव्या टॉवरसाठी येऊ घातलेला नियम: बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत, एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, बिघडतं. म्हणून दादाला इथल्यासारखा ड्रायर हवाय. माझा ड्रायर पाच किलोवॅटचा आहे, २४० व्होल्टवर चालतो, त्याची हवा नळीने घराबाहेर सोडावी लागते आणि नळीत साठलेला कापसाचा भुगा वेळच्या वेळी काढला नाही तर आग लागू शकते. डी मॉइनच्या जानेवारीत, बाहेर उणे वीस असताना, मला तो लागतोच. मे उजाडला की मी मागच्या अंगणात दोरी बांधतो. इथेही अनेक वसाहतींत दोरीला बंदी होती. काही राज्यांना ऊन वापरायचा हक्क कायद्याने द्यावा लागला. उन्हाचं गाव सोडून आलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते मी कसं सांगू? आठ महिने कडक ऊन मिळणाऱ्या शहरात सोसायटीने दोरी काढायला लावणं मला सहन होत नाही. नियम अजून ठरावात आलेला नाही, दादाने जनरल बॉडीत उभं राहून विरोध करावा.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. दादाच्या फ्रंटलोडचा, म्हणजे समोरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनचा, सहाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. साडेनऊ हजार सांगितले आणि वर सल्ला, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. आईच्या मशीनचा टायमर दोन वर्षांपूर्वी जांभळी नाक्याजवळच्या मेकॅनिकने चारशेत बदलला. ज्या कंपनीने ते बनवलं ती आज बाजारात नाही, तरी भाग मिळतात, कारण ते सगळ्यांना सारखे बसतात. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं, त्यात घरगुती यंत्रंही आहेत. आमच्या उत्तरेला मिनेसोटात १ जुलै २०२४ पासून याचा कायदाच लागू आहे. आपल्याकडेही व्हायला हवा.

राहिला दादाचा एक मुद्दा आणि तो खरा आहे. आई एकाहत्तर वर्षांची. ओली चादर एका टबातून काढून दुसऱ्यात टाकताना तिची पाठ भरून येते. मी त्या घरात पंचवीस वर्षं राहिलो आणि एकदाही ती चादर उचलली नाही, हे मला इथे स्वतः कपडे धुवायला लागल्यावर समजलं. घरात दादा आहे, एकोणीस वर्षांचा पुतण्या आहे. चादरी, टॉवेल, जीन्स त्यांनी उचलाव्यात. ते जमणार नसेल तर नवीन मशीन घ्या, मी पैसे पाठवतो, पण कारण आईची पाठ हे असू दे, १९९७ हे साल नको. आणि मग सेमी भंगारात न जाता पाण्याची ओढाताण असलेल्या एखाद्या घरी जाऊ दे.

आई मात्र अजून सेमीच वापरायला तयार आहे. प्लॅनमध्ये ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याभांड्यांच्या बाल्कनीत, मशीनला दोन फूट जागा दाखवलीय, म्हणजे बरोबर फ्रंटलोडपुरती. काल तिने शिवणाच्या टेपने सेमी मोजलं, एकतीस इंच. आकडा मी ग्रुपवर टाकलाय. प्लॅन अजून मंजूर व्हायचाय. सिंकचा कट्टा सात इंच सरकवता येईल का, एवढं दादाने आर्किटेक्टला या आठवड्यात विचारायचंय.