त्या खोलीत आणखी कोण होते?

न्यू जर्सीतल्या एका महाविद्यालयात मी अमेरिकन इतिहासाचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवतो आणि त्यातले तीन आठवडे लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या ‘हॅमिल्टन’ या म्युझिकलसाठी राखून ठेवतो. २०१५ साली ब्रॉडवेवर आलेले हे नाटक जुलै २०२० मध्ये डिस्ने प्लसवर आले, तेव्हा माझे आताचे बहुतेक विद्यार्थी शाळेत होते. आपल्याकडे गणपतीच्या आरत्या जशा अर्थ न विचारता पाठ होतात, तशी त्यांना त्यातली गाणी पाठ आहेत. इतके प्रिय नाटक चिकित्सेला घ्यायचे तर आधी ते मनापासून ऐकू द्यावे, टीकालेख मागाहून हाती द्यावा, आणि तो निकालपत्र म्हणून नव्हे तर एका साक्षीदाराचा जबाब म्हणून वाचायला लावावा, असे माझे मत होत गेले आहे. आमच्या विभागातल्या काही सहकाऱ्यांना हा क्रम उलटा वाटतो.

मी सुरुवात एका जेवणापासून करतो. जून १७९० मध्ये न्यू यॉर्कमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसन जेवायला आले. राज्यांची युद्धकर्जे केंद्र सरकारने स्वतःच्या डोक्यावर घ्यावीत आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीच्या काठी जावी, हा सौदा तिथे जुळला असे सांगितले जाते. मुख्य साक्ष खुद्द जेफरसनची, तीही त्याने नंतर लिहिलेली. नाटकात या प्रसंगावर एक जबरदस्त गाणे आहे, आणि त्यात हॅमिल्टनचा प्रतिस्पर्धी ॲरन बर याची तक्रार अशी की त्या खोलीत या तिघांखेरीज दुसरे कोणीच नव्हते. गाणे संपल्यावर मी एवढेच विचारतो, की मग जेवण रांधले कोणी आणि वाढले कोणी? गेल्या सत्रात विचारले तेव्हा वर्ग हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर ओठांतल्या ओठांत गाणे म्हणत होती, म्हणाली, “नोकरांनी.” आणि थोड्या वेळाने तिनेच स्वतःला दुरुस्त केले, “म्हणजे गुलामांनी.” जेम्स हेमिंग्ज हा जेफरसनच्या मालकीचा गुलाम होता, जेफरसनने त्याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवला होता आणि १७९० मध्ये तो मालकाच्या न्यू यॉर्कमधल्या बिऱ्हाडात होता. त्याची बहीण सॅली नाटकात येते खरी, पण जेफरसन तिला एक पत्र उघडायला सांगतो तेवढ्यापुरतीच.

आता इतिहासकार लायरा मॉन्टेरो यांचा लेख वाटायचा. ‘द पब्लिक हिस्टॉरियन’ या नियतकालिकात २०१६ साली आलेल्या या लेखाचा मुख्य आक्षेप असा, की वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन या गोऱ्या पुढाऱ्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नटांना दिल्यामुळे रंगमंच वैविध्यपूर्ण दिसतो, परंतु त्या काळात प्रत्यक्ष जगलेली कृष्णवर्णीय माणसे त्याच रंगमंचावरून नाहीशी होतात. १७९० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती आणि त्यांतले जवळपास ७ लाख लोक गुलामगिरीत होते. हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले, की लेखातली निम्मी वाक्ये समजावून सांगावी लागत नाहीत.

खरी अडचण पुढच्या तासाला येते. आठवडाभरापूर्वीचे भक्त तोवर फौजदार झालेले असतात. निबंधांमागून निबंध येतात आणि प्रत्येकात नाटक कसे ‘समस्याप्रधान’ आहे याची कबुली असते. मॉन्टेरो यांची वाक्ये थोडी फिरवून लिहिलेली असतात, आणि ज्या गाण्यावर आठवडाभरापूर्वी पाय थिरकत होते त्याविषयी चकार शब्द नसतो. मला हे गाणी पाठ करण्यापेक्षा निराळे वाटत नाही. पाठांतराचा मजकूर तेवढा बदलला.

म्हणून मी लगेच इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांचे म्हणणे वाचायला देतो. हेमिंग्ज कुटुंबाच्या इतिहासासाठी त्यांना पुलित्झर मिळाले आहे, त्यामुळे त्या खोलीत कोण होते हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल. मॉन्टेरो यांच्या टीकेशी त्या बऱ्याच अंशी सहमत होतात आणि नाटक आपल्याला आवडले हेही लपवत नाहीत. हेच संवाद गोऱ्या नटांच्या तोंडी असते, तर देशाच्या संस्थापकांचे इतके गुलाबी चित्र प्रेक्षकांच्या घशाखाली उतरले असते का, असा प्रश्न त्या पुढे ठेवतात. तो प्रश्न घेऊन आम्ही गाणे पुन्हा ऐकतो, या वेळी पडदा बंद ठेवून. मते बदलतातच असे नाही, पण हात वर करणाऱ्यांत नवी मुले दिसू लागतात.

लेखक इश्मेल रीड यांनी २०१९ मध्ये या नाटकावरची टीका थेट दुसरे नाटक लिहूनच केली. वेळ उरला तर त्याचा उल्लेख करतो.

वर्गाला सर्वांत जास्त रमवते ती मात्र रोजकीर्द. जेसी सर्फिलिपी या संशोधिका हॅमिल्टनच्या सासरच्या, ऑल्बनीतल्या स्कायलर वाड्याच्या स्मारकात काम करत असताना त्यांनी २०२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. मिरांडा यांचे नाटक रॉन चर्नो यांच्या २००४ मधल्या चरित्रावर आधारलेले आहे आणि त्यात हॅमिल्टन गुलामगिरीचा कडवा विरोधक म्हणून उभा राहतो. सर्फिलिपी यांनी त्याच्याच हिशेबाच्या वह्या उघडून तो स्वतः गुलाम बाळगत असल्याचे मांडले. १७९६ च्या एका नोंदीचा आशय असा, की ‘माझ्यासाठी’ विकत घेतलेल्या दोन निग्रो नोकरांपोटी २५० डॉलर दिले. वर्ग या ‘माझ्यासाठी’पाशी अर्धा तास घालवतो. काही नोंदी नातलगांसाठी केलेल्या व्यवहारांच्या आहेत, त्यांचे काय? गुलाममुक्तीसाठी १७८५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा तो सदस्य होता, पण त्या संस्थेच्या कित्येक सदस्यांकडे गुलाम होतेच, मग सदस्यत्वाला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे? चर्नो यांनीही निबंधाचे संशोधन म्हणून कौतुक केले, पण विरुद्ध बाजूचा पुरावा सुटल्याचा आक्षेप घेतला, तोही आम्ही वाचतो. आणि शेवटी मी १९१० साली छापलेले एक पान दाखवतो, ज्यात हॅमिल्टनचा नातूच लिहितो, की आजोबांनी कधी गुलाम बाळगला नाही हे म्हणणे खोटे आहे, त्यांच्या वह्यांत तशा नोंदी आहेत. “म्हणजे हे शंभर वर्षांपूर्वीच छापून आले होते?” हा प्रश्न दर सत्रात कोणी ना कोणी विचारतोच, आणि तो मला दहा निबंधांहून मोलाचा वाटतो.

मी पुण्यात वाढलो. १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे नावही आमच्या आजोबांना घरात चालत नसे, कारण त्यात नाना फडणवीसांची बदनामी आहे असे त्यांचे ठाम मत होते. नाटक त्यांनी पाहिले नव्हते. माझ्या विद्यार्थ्यांनीही ‘हॅमिल्टन’चा तिरस्कार असाच न पाहता, ऐकीव आधारावर करावा, हे मला नको आहे. त्यांच्या पुढ्यातली तक्रार उलट दिशेची आहे, बदनामीची नसून गौरवाची. पण न पाहता दिलेला निवाडा दोन्हीकडे सारखाच सोपा असतो.

गेल्या सत्रात त्याच मागच्या बाकावरच्या मुलीने अंतिम निबंधासाठी केटोचा विषय घेतला. नाटकात गाजलेला हर्क्युलिस मलिगन हा शिंपी क्रांतिकाळात वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करत होता, आणि त्याच्या मालकीचा केटो नावाचा गुलाम खबरा पोहोचवत असे, असे सांगतात. नाटकात केटो नाही. तिला त्याच्याविषयी जेमतेम दीड पान लिहिता आले. उरलेल्या चार पानांत तिने मलिगनच्या गाण्याच्या तालाची बारकाईने फोड केली आहे, आणि त्याला टाळ्या पडतात त्या जागी समासात पेन्सिलने केटोचे नाव लिहून ठेवले आहे.