आधी पगार की आधी एकोपा? एका प्रतिक्रियेला उत्तर

बालगृहे, निवारागृहे आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांतील कर्मचाऱ्यांच्या एकोप्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण पुण्यातील एका बालगृहात गृहमाता आहात. रात्रपाळीला दोघींचे काम एकटीला करावे लागते, पगाराची तारीख पक्की नसते आणि अशा परिस्थितीत संघभावनेच्या गोष्टी म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करण्याची सोय आहे, असा आपला आक्षेप आहे. अधीक्षकांना न पटणारे बैठकीत बोलावे की नोकरी सांभाळावी, असेही आपण शेवटी विचारले आहे.

आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली, तरी तेथील सेविकेच्या हाती पडते ते आजही मानधनच. माणसांची काळजी घेणे हे बायकांनी सेवाभावाने करायचे काम आहे, ही समजूत आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकांत खोलवर मुरलेली आहे, आणि दिवाळीचा फराळ किंवा सिंहगडची सहल हा तिच्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

मात्र एकोपा म्हणजे सर्वांनी गप्प राहणे, असे आपण धरून चालला आहात, तेथे माझा मतभेद आहे. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या संघांत चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जेथे प्रमुख आणि परिचारिका यांचे संबंध चांगले होते, त्याच कक्षांत चुकांची नोंद अधिक निघाली, आणि याचे कारण त्यांनी असे मांडले की तेथे चूक सांगण्याची भीती नव्हती. म्हणून ज्या संस्थेच्या नोंदवहीत वर्षभर काहीच वावगे सापडत नाही, तिच्या विश्वस्तांनी समाधान मानू नये, चौकशी करावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

आपल्या क्षेत्रात तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण एका मुलाविषयीची माहिती अनेक जणांत विखुरलेली असते. समुपदेशकाला ते मूल आठवड्यातून तासभर भेटते, मुलाच्या घरची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) त्याचे घर ठाऊक असते, शिक्षकाला त्याची वही दिसते. पण आईची भेट झाली की ते दोन रात्री झोपत नाही, हे फक्त गृहमातेला माहीत असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार संस्थेतील प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. तो ठरवणाऱ्या बैठकीच्या वेळी गृहमाता स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या आंघोळीत अडकलेली असेल, तर त्या आराखड्यात मुलाची रात्र येतच नाही. त्या उणिवेची किंमत अधीक्षक मोजत नाहीत, मूल मोजते. एकोप्याविषयी मी इतक्या पोटतिडकीने लिहिते, ते यासाठीच.

यावर व्याख्याने किंवा खेळ घेण्यापेक्षा बैठकीची रीत बदलणे मला महत्त्वाचे वाटते. मुलाजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्याने आधी बोलावे आणि अधीक्षकांनी सर्वांत शेवटी, कारण वरिष्ठांचे मत एकदा कानावर पडले की बाकीचे आपले मत त्याला जुळवून घेतात. मतभेद झाला तर तो इतिवृत्तात दोन्ही बाजूंनी लिहिला जावा. दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटांचा सामाईक वेळ असावा आणि तो कामाच्या तासांत धरून त्याचा पगार मिळावा. आपला पगाराचा मुद्दा आणि माझा एकोप्याचा मुद्दा येथे एकच होतात. देणगीदार लाभार्थींची संख्या विचारतात, या पंधरा मिनिटांविषयी सहसा विचारत नाहीत, म्हणून अर्जात हा खर्च वेगळा दाखवण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

आधी पगार, एकोप्याचे नंतर पाहू, या क्रमालाही माझी हरकत आहे. क्षेत्र वेगळे असले तरी पुण्याच्या कचरावेचकांचा अनुभव येथे लक्षात घेण्यासारखा आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ साली स्थापन झाली, आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ मध्ये उभी राहिली. विखुरलेल्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या बायका आधी एकत्र आल्या, म्हणून कामाच्या अटींविषयी बोलणी करणे त्यांना शक्य झाले. आपल्या बालगृहातील दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या गृहमाता एकमेकींनाच दोष देत राहिल्या, तर पगाराची मागणी कोणाच्याच तोंडून ठामपणे निघणार नाही.

आता आपल्या प्रश्नाविषयी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा तशी शंका असेल, तर तो बैठकीचा विषयच राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे, मग अधीक्षकांना ते पटो वा न पटो. इतर बाबतींत, अधीक्षक विरोधी मत अपमान मानत असतील, तर एकटीने उभे राहू नका. दुसऱ्या पाळीच्या गृहमातेशी आधी बोला, जे दिसले ते दिनांक आणि वेळेसह नोंदवहीत लिहा, आणि बैठकीत आपले मत म्हणून मांडण्याऐवजी ती नोंद वाचून दाखवा. तरीही दखल घेतली गेली नाही, तर दोघींच्या सहीने विश्वस्तांना लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घेऊन ठेवा.