लोहचुंबक खोटं बोलत नाही

माझ्या गाडीचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हे वाक्य काल सकाळी अकरा ते साडेबारा या वेळात मी नऊ वेळा म्हटलं. शेवटच्या दोन वेळी माझा आवाज चढला होता, हे मान्य करतो.

गाडी १९९५ सालची माझदा एमएक्स-५. दोन सीट, उघडं छत, १.८ लिटरचं इंजिन, आणि पुढचे दिवे असे की एरवी डोळे मिटून पडलेले असतात, बटण दाबलं की उठून बसतात. गेली सहा वर्षं मी तिला ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसांसाठी, घडवली, आता विकायला काढली आहे. का, ते विचारू नका. माझ्या कमरेचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी ‘तुम्ही ट्रॅक्टर चालवता का?’ असं विचारलं, एवढंच सांगतो.

जाहिरातीत सगळं खरं लिहिलं, ही पहिली चूक. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान), उंच कडांची बकेट सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा), जवळजवळ गुळगुळीत सेमी-स्लिक टायर, ट्रॅकचे ब्रेक पॅड, सगळं. मला वाटलं लोक भारावतील. एकाने लिहिलं, ‘लास्ट किती?’ दुसऱ्याला नुसत्या सीट हव्या होत्या, त्याही कॉम्प्युटरपुढे बसायला. तिसऱ्याला गाडी घ्यायचीच नव्हती. त्याला फक्त कळवायचं होतं की अशी गाडी ओरिजिनल ठेवायला हवी होती.

या ‘ओरिजिनल’ शब्दाने माझं डोकं उठवलंय. ओरिजिनल स्प्रिंगा, ओरिजिनल सीट, ओरिजिनल सायलेन्सर, एसीचा कॉम्प्रेसर, गालिचा, सगळं माझ्या माळ्यावर आहे. जाणकार सांगतात, ते परत बसवलं तर गाडीला जास्त पैसे येतील. म्हणजे मी पैसे घालून जे बसवलं ते पुन्हा पैसे घालून काढलं, की किंमत वाढते. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. घरात काय म्हणतात ते रोज ऐकतो.

तर काल एक मुलगा गाडी बघायला आला. पंचविशीचा, अबोल. आल्याआल्या खाली वाकून मागच्या अ‍ॅक्सलकडे बघत त्याने विचारलं, “टॉर्सन आहे ना?” आहे. १.८ च्या काही गाड्यांना टॉर्सन डिफरन्शियल मिळायचं, ज्या चाकाची पकड जास्त त्याला जास्त जोर देणारं, आणि आजवर आलेल्यांपैकी ते कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याला मिठी मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “मामा येतायत. त्यांना गाडीतलं कळतं.”

मामा आले. खिशातून एक रुमाल काढला, रुमालातून वाटीएवढं, मधे भोक असलेलं, काळं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं. ते पुन्हा रुमालात गुंडाळलं, पेंटला ओरखडा नको म्हणून. या सभ्यपणाने मी फसलो.

“पत्रा असेल तर चिकटतं, पुट्टी असेल तर पडतं,” मामा म्हणाले. “माणूस खोटं बोलेल, लोहचुंबक खोटं बोलत नाही.”

आणि त्यांनी ते बोनेटवर ठेवलं. लोहचुंबक सावकाश घरंगळत खाली आलं आणि मामांनी ते क्रिकेटमधल्या स्लिपसारखं झेललं. भाच्याकडे बघितलं. बोलले नाहीत.

“बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही बसवलंत?”

“नाही हो, कंपनीनेच. वजन कमी राहावं म्हणून.”

“कंपनी अख्खी गाडी लोखंडाची करते आणि बोनेटच तेवढं अ‍ॅल्युमिनियमचं?”

“हो.”

“पुढून ठोकलेली आहे,” मामा भाच्याला म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून बोनेट असंच आहे. जुन्या ब्रिटिश लोटस एलानसारखी हलकी, साधी गाडी पुन्हा करायची या ध्यासातून ती जन्मली, त्यामुळे जिथे किलो-दोन किलो वाचेल तिथे वाचवलंय. मामा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी लोहचुंबक पुढच्या बंपरला लावलं. पडलं. प्लॅस्टिक. मागच्या बंपरला. पडलं. हार्डटॉपला. पडलं. प्रत्येक वेळी मी पदार्थाचं नाव सांगायचो आणि मामा “हं” म्हणायचे. तसं “हं” मी पूर्वी एकदाच ऐकलंय, पासपोर्टच्या खिडकीशी. शेवटी डिकीच्या झाकणाला ते खटकन चिकटलं. मामांचा चेहरा उजळला.

“ही ओरिजिनल दिसते.”

मग ते गाडीपासून दहा पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून बघू लागले.

“चाकं वाकडी आहेत.”

“मुद्दाम केलीत. याला कॅम्बर म्हणतात. चाक वरून आत झुकलेलं असलं की वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्याला सपाट टेकतो.”

“म्हणजे सरळ होती ती तुम्ही वाकडी केलीत.”

“हो.”

“पैसे देऊन?”

मी गप्प बसलो. मामांनी टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. ती कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली होती, तशीच झिजते. बोट त्यांनी भाच्याला दाखवलं. बोटावर काहीही नव्हतं.

चक्कर मारायची वेळ आली तेव्हा कळलं की गाडीत जागा दोन आणि आम्ही तिघं. कुणालाही वाटेल, घेणारा बसेल. मामा म्हणाले, “आधी मी.” भाचा फुटपाथवर उभा राहिला. त्याला याची सवय असावी.

बकेट सीटमध्ये बसायची एक रीत आहे. आधी बूड, मग पाय. मामांनी आधी पाय घातले. पायांमागून बाकीचे मामा आत जाईनात. सीटच्या उंच कडेवर ते घोड्यावर बसल्यासारखे अडकले, एक हात रोल बारवर, दुसरा माझ्या खांद्यावर. शेवटी एकदम आत घसरले आणि खालून म्हणाले, “खोल आहे.” हार्नेसच्या खांद्यावरच्या दोन पट्ट्या लावल्या, कमरेच्या दोन लावल्या.

“या दोन उरल्यात, त्या कुठून?”

“पायांमधून.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. “राहू देत,” म्हणाले. “कमरेपर्यंत पुरे.”

आता ब्रेक. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि थंड असले की करवतीसारखे ओरडतात. पहिल्याच वळणाशी ओरडले. मामांनी दाराचं हँडल धरायला हात नेला. तिथे हँडल नाही, वजनासाठी काढलंय.

“घाबरू नका,” मी म्हटलं, “थंड असताना ओरडतात, गरम झाल्यावर थांबतात.”

“आणि गाडी कधी थांबते?”

इथे मला वजनाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण या गाडीतला माझा अर्धा जन्म वजन काढण्यात गेला. फरशीवर आवाज अडवायला डांबरासारखा एक थर असतो. तो काढायचा तर त्यावर ड्राय आइस पसरतात. उणे ७८ अंशांना तो थर कडक होतो आणि हातोडीने टकटक केलं की काचेसारखे तुकडे उडतात. एक अख्खा रविवार मी पालथा पडून हे केलं. तुकडे गोळा करून वजनकाट्यावर ठेवले, साडेआठ किलो. त्याच आनंदात मीही काट्यावर चढलो. गाडी घेतल्यापासून माझं वजन अकरा किलोंनी वाढलेलं निघालं. शुद्ध हिशेबाने पाहिलं तर त्या डांबरानेच तेवढं ट्रॅकवर जायला हवं होतं. पण हे मामांना सांगितलं नाही. तोवर त्यांनी पायाखालचा उघडा पत्रा बघितला होता आणि “गालिचा चोरीला गेला का?” असं विचारून झालं होतं.

परत येताना ते म्हणाले, “रेसिंग केलीये हिने.”

“नाही. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे.”

“नंबर काढतात?”

“नाही.”

“बक्षीस?”

“नसतं. ओव्हरटेकही फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यात, तेही पुढच्याने खूण केल्यावर. सायलेन्सरचा आवाज मीटर लावून मोजतात. मर्यादेच्या वर गेला की घरी पाठवतात.”

“पैसे कोण कुणाला देतं?”

“आपण त्यांना.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, “मग जाता कशाला?”

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतक्या नीट विचारला नव्हता. बायको विचारते, पण तिच्या विचारण्यात उत्तर आधीच असतं. तिसऱ्या गिअरमधल्या त्या लांब उजव्या वळणाचं सांगावं, असं मनात आलं. तिथे स्टीअरिंग किंचित हलकं होतं, मागचा भाग एक विचार करतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आपल्याला हप्ते नसतात, कंबर नसते. पण गालिचा चोरीला गेला का म्हणून विचारणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मी म्हटलं, “छंद आहे.” मामा म्हणाले, “हं.”

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. दिवे. बटण दाबलं, दोन्ही दिवे उठले. डावा किंचित आळशी आहे, उजवा पूर्ण उठल्यावर तो जागा होतो. मामा खुदकन हसले. “मिटवा.” मिटवले. “परत.” आठ वेळा. फुटपाथवरून भाचा बघत होता. आजवर जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसच्या नोंदीत या गाडीचं नाव आहे. २०१६ साली त्यांची दहा लाखावी गाडी तयार झाली. दहा लाख त्यांनी विकल्या असतील तर त्यातल्या निम्म्या तरी या दिव्यांनी विकल्या असतील असं मला त्या क्षणी वाटलं, जरी १९९७ नंतर त्यांनी हे दिवे बंद करून साधे बसवले. मला एकच विकायची होती, आणि ती आता जाते असं दिसत होतं.

मामा सीटमधून बाहेर आले. त्याचं वर्णन करत नाही, भाच्याला हाक मारावी लागली. गुडघे झाडता झाडता त्यांना काय वाटलं कोण जाणे, डाव्या दाराखाली, मागच्या चाकाच्या अलीकडे जो पत्रा असतो तिथे त्यांनी सहज लोहचुंबक लावलं.

पडलं.

उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं, आणि या वेळी त्यांनी झेललंही नाही.

त्या जागी अ‍ॅल्युमिनियम नाही. प्लॅस्टिक नाही. तिथे लोखंडी पत्रा असतो, आणि या गाड्या नेमक्या तिथेच सडतात. छतावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं, नळ्या पानांनी तुंबल्या की ते आतच साठतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. हे मला माहीत होतं. गाडी घेतल्यापासून दर वर्षी मी त्या नळ्या साफ केल्यात. त्याआधीच्या वर्षांत काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी विजयी मुद्रा केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात, जणू मला वाचवायला म्हणून विचारलं, “इथे पण अ‍ॅल्युमिनियम का?”

पुढचं पटकन सांगतो. भाचा माझ्या नजरेला नजर देईना. मामांनी मी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून खालचा आकडा सांगितला, वर “सीट आणि त्या पट्ट्या तुम्हीच ठेवा” म्हणाले, म्हणजे तो आपला उदारपणा. मी नको म्हटलं. ते गेले.

रात्री मी बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराखाली आडवा झालो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. सगळीकडे टणटण, तिथे ठप्प. टोकाने जरा खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गुलाबीसर पुट्टी, चांगली बोटभर जाड. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं. सहा वर्षांपूर्वी ज्याने मला ही गाडी विकली त्याचा चेहरा आठवला. त्याने बोनेट उघडून इंजिन दाखवलं होतं, मी माना डोलावल्या होत्या. मग त्याने दिवे वरखाली केले होते. माझ्याकडे लोहचुंबक नव्हतं, मामाही नव्हते.

जाहिरातीत ‘डाव्या दाराखाली पुट्टी आहे’ अशी ओळ घातली. पाच मिनिटांत एकाचा निरोप आला, ‘ओरिजिनल आहे का?’ काय ओरिजिनल, ते त्याने लिहिलं नव्हतं.

आज दुपारी मामांचा फोन आला. “अहो, माझं लोहचुंबक राहिलंय तुमच्याकडे.”

राहिलं होतं खरं. सीटमधून उठताना त्यांनी ते क्षणभर हातावेगळं केलं असणार, ते रुमालासकट रोल बारला चिकटलेलं होतं. मग दाराखाली काय लावलं? नीट आठवलं. बाहेर आल्यावर त्यांनी दुसऱ्या खिशातून काढलं होतं ते लहान होतं.

“ते छोटं काही कामाचं नाही,” मामा म्हणाले. “त्याच्यावर विसंबलो आणि काल संध्याकाळी भाच्याने दुसरी गाडी घेतली. एसी आहे, चाकं सरळ आहेत. पण घरी आणल्यावर ते छोटं कुठेच चिकटेना. मोठ्याने एकदा नीट बघायला हवं. लगेच निघू का?”

मी गॅरेजमध्येच होतो. रोल बारवरून मोठं लोहचुंबक ओढून काढलं, आणि जमिनीवर बसून दाराखालच्या त्या जागेला लावलं. घरंगळलं.

“सावकाश या,” मी म्हटलं. “घाई नाही.”