मुलांच्या खेळाला घरातली एक भिंत द्या

नव्या फ्लॅटचं इंटिरियर ठरवायला बसलं की पहिली चर्चा टीव्ही युनिटची. मग किचन, वॉर्डरोब, देवघर, शू रॅक. मी ठाणे ते कल्याण पट्ट्यात वन बीएचके, टू बीएचकेची कामं करते आणि प्रत्येक घरात एक प्रश्न स्वतःहून विचारते : घरात कोण काय खेळतं, आणि ते सामान कुठे असतं? पहिल्या अर्ध्याचं उत्तर लगेच येतं. मुलगा क्रिकेटला जातो, मुलगी बॅडमिंटन खेळते, बाबांची गिअरची सायकल आहे. दुसऱ्या अर्ध्याला सगळे एकमेकांकडे बघतात. बॅट दारामागे, स्केट्स बेडच्या बॉक्समध्ये, कॅरम कपाटामागे आणि सायकल जिन्यात.

माझं मत स्पष्ट आहे. खेळाचं सामान भिंतीवर, उघड्यावर, मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर असायला हवं. आणि ते अडकवायला जे लावाल ते पुढेमागे, वरखाली करता येणारं हवं.

कारण साधं आहे. संध्याकाळी खालून हाक येते तेव्हा मुलाकडे दोन मिनिटं असतात. त्या दोन मिनिटांत गादी उचला, प्लायचं झाकण धरा, पिशवी शोधा, हे होत नाही. मग मूल सोफ्यावर बसतं आणि समोर सात फुटी युनिटवर टीव्ही तयारच असतो. मुलं खेळत नाहीत म्हणून आईवडील माझ्यासमोर हळहळतात तेव्हा मी त्यांना हेच दाखवते, की घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मोक्याची भिंत आपण कशाला दिली आहे.

मुलुंडच्या एका घरात आजोबा कॅरम चांगलं खेळणारे. बोर्ड वॉर्डरोबच्या मागे तिरका टेकवलेला होता. काढायचा तर वॉर्डरोबजवळचा टेबल फॅन, इस्त्रीचं टेबल, बादल्या सगळं बाजूला करायचं. शिवाय कॅरम बोर्ड तिरका टेकवून महिनोन्‌महिने ठेवला की प्लायला बाक येतो आणि मग सोंगटी मधूनच वळते. आम्ही डायनिंगच्या शेजारच्या भिंतीवर खाली दोन एल-ब्रॅकेट लावले, पुढे अर्ध्या इंचाची उभी कड असलेले, आतून रबर चिकटवलेलं. वर एक फिरणारी पट्टी, बोर्ड पुढे झुकू नये म्हणून. बोर्ड आता भिंतीला समांतर, सरळ उभा राहतो. बाजूला पावडर आणि सोंगट्यांचा डबा. आजोबांना कोणाला हाक मारावी लागत नाही. बोर्डाच्या खालच्या कडेला हात घालून ते तो स्वतः टेबलावर आणतात, आणि नात शाळेतून आली की डाव सुरू होतो. या कामाला जेमतेम एक तास आणि चार स्क्रू लागले. त्या घरात मी जे महागडं काम केलं, त्यातल्या कशानेही घरात इतका फरक पडलेला मला दिसला नाही.

आता ‘बदलता येणारं’ का म्हणते ते सांगते. मूल वाढतं तसं सामान बदलतं. सोळा इंची चाकाची सायकल जाऊन वीसची येते, मग चोवीसची, मग मोठ्यांची. बॅट चार नंबरवरून पाचवर, सहावर, हॅरोवर आणि शेवटी मोठ्यांच्या शॉर्ट हँडलवर जाते. मधेच स्केटिंग सुटतं आणि फुटबॉल सुरू होतो. सुतार हौसेने प्लायचं सुंदर कपाट करून देतो, आतल्या खणाची उंची आजच्या बॅटला बेतलेली. दोन वर्षांत ते कपाट वह्यापुस्तकांचं होतं आणि बॅट पुन्हा दारामागे जाते.

त्यापेक्षा भिंतीला दोन उभे स्लॉटेड चॅनेल लावा. कपड्यांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात भिंतीवर खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्याच. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. भिंतीला भोकं एकदाच पडतात, त्यानंतर हुक, ब्रॅकेट, बॉल ठेवायची रिंग, आडवी फळी, जे हवं ते हव्या त्या खाचेत बसवायचं. मूल वाढलं की हुक दोन खाचा वर. खास खेळाच्या सामानासाठी येणाऱ्या तयार रेलसुद्धा याच तत्त्वावर चालतात, फक्त हुकांना रबराचं आवरण असतं आणि दिसायला जास्त नीटस असतात.

सायकलीचं जरा तपशिलात बोलायला हवं, कारण गडबड तिथेच होते. भिंतीवरचे ब्रॅकेट मुख्यतः दोन जातीचे. एकात सायकल आडवी राहते, पुढे आलेल्या दोन हातांवर फ्रेमची वरची दांडी टेकते. दुसऱ्यात पुढचं चाक वरच्या हुकात अडकवून सायकल उभी टांगतात. लेडीज सायकलला आणि लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींना वरची दांडी सरळ नसते, कधी नसतेच. त्यामुळे पहिल्या जातीचा घ्यायचा तर हातांचं अंतर आणि कोन बदलता येणाराच घ्या, नाहीतर सायकल एका बाजूला घसरत राहते. कार्बन फ्रेम असेल तर दांडीला शिकंजा आवळणारा ब्रॅकेट अजिबात नको. उभी टांगायची असेल तर उचलावी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. सायकल मागच्या चाकावर उभी करायची, तशीच ढकलत भिंतीपाशी न्यायची आणि पुढचं चाक हुकात सोडायचं. हुकाची उंची नीट घेतली तर बारा वर्षांची मुलगीही ते करते.

खरी परीक्षा भिंतीची. समजा सायकल पंधरा किलोची आहे. आडव्या ब्रॅकेटवर तिचा भार भिंतीपासून साधारण ३५ सेंटिमीटर पुढे येतो, कारण हँडलची अर्धी रुंदी तेवढी असते. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढणारा जोर सुमारे ३५ किलो होतो, सायकलीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. तेच अंतर ३० सेंटिमीटर केलं तर जोर निम्म्यावर येतो. म्हणून आखूड, बुटका ब्रॅकेट दिसायला कितीही छान असला तरी मी तो सायकलीसाठी घेऊ देत नाही. पाठीची पट्टी लांब हवी. मीटरभर उभ्या चॅनेलचा मोठा फायदा हाच.

आणि भिंत कसली आहे हे आधी ओळखा. जुन्या इमारतीत विटांची भिंत असते, तिच्यात नायलॉनची चांगली गुट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी नळी, घट्ट बसते. कॉलम, बीम किंवा मिवान पद्धतीने, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमधली काँक्रीटची भिंत असेल तर हॅमर ड्रिल आणि धातूचा फास्टनर. तिथे बिट अडखळलं, सळई लागली असं वाटलं तर जोर करायचा नाही, भोक बाजूला घ्यायचं. आणि अलीकडच्या बऱ्याच फ्लॅटमधल्या आतल्या भिंती सायपोरेक्सच्या. हा ब्लॉक हलका, आत असंख्य बारीक पोकळ्या असलेला. त्यात हॅमर मोडवर ड्रिल मारलं की भोक पसरट होतं, साधी गुट्टी फिरत राहते आणि महिनाभरात ब्रॅकेट मान टाकतो. तिथे हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठीची लांब गुट्टी वापरायची. प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच असतं, त्याची पकड हिशेबात धरायची नाही. त्याच्या आत ब्लॉकमध्ये स्क्रू किती गेला तेच खरं. एका घरात नुसत्या प्लास्टरच्या जिवावर लावलेला ब्रॅकेट सायकलीसकट खाली आलेला मी पाहिला आहे. सुदैवाने रात्र होती आणि तिथे कोणी नव्हतं.

भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भिंत सोडा, वायरीचे पाइप सहसा तिथूनच जातात. बाथरूमच्या पाठची भिंत तर ड्रिलसाठी विसरूनच जा.

छताबद्दल लोकांना फार आकर्षण असतं. परदेशातले गॅरेजचे व्हिडिओ बघून येतात, दोरी ओढली की सायकल वर जाते. गॅरेज असेल, बंगला असेल तर जरूर करा. पण आपल्या फ्लॅटमध्ये राहत्या खोलीची उंची साधारण २.७५ मीटरच्या आसपास. सायकल स्वतः मीटरभर उंच. ती छताला टांगली की खालचं चाक बरोबर आपल्या कपाळाच्या पातळीला येतं. बाल्कनीत कपडे वाळत घालायचा दोऱ्या-पुलीचा हँगर घरोघरी असतो, त्यालाच सायकल लटकवू का असं विचारणारेही भेटतात. नाही. तो ओल्या कपड्यांसाठी आहे, त्याचे स्क्रू आणि पुली त्या मापाच्या असतात.

छताला जायला हव्यात हलक्या आणि लांब वस्तू. स्टंप, हॉकी स्टिक, ट्रेकिंगच्या काठ्या, गुंडाळलेला तंबू, बॅडमिंटनची जाळी. पॅसेजमध्ये दाराची चौकट सात फुटांवर संपते आणि तिच्या वर दीड-दोन फूट जागा उरते. तिथे छतापासून सोडलेल्या दोन आडव्या पट्ट्या, अंतर कमीजास्त करता येणाऱ्या, एवढं पुरतं. आपल्या आज्यांनी दुधातुपाचं शिंकं आढ्याला टांगलं तेव्हा हीच वरची मोकळी जागा वापरली होती. फक्त भार स्लॅबवर जायला हवा. पीओपीच्या फॉल्स सिलिंगला कितीही हलकी वस्तू अडकवू नका. आणि पंख्याच्या हुकाला पंख्याशिवाय काहीही नको.

हे सगळं पीओपीचं काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे, म्हणजे स्लॅबला फास्टनर मारून त्यातून सळी खाली सोडता येते. स्लॅबमध्येही वायरिंगचे पाइप असतात, पंख्याच्या पॉइंटपासून भिंतीकडे जाणाऱ्या रेषेत भोक नको.

सामानाच्या तब्येतीसाठीही भिंत बरी. बॅटचा टो, म्हणजे खालचं टोक, ओल्या फरशीवर टेकून राहिला की पाणी शोषून फुगतो आणि फुटतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर फरशी कोरडी कधी असते? खांद्याशी धरणाऱ्या दोन बोटांच्या हुकावर बॅट टांगली की टो अधांतरी राहतो. रॅकेट उन्हाच्या भिंतीवर नको, उष्णतेने तारांचा ताण जातो. गिर्यारोहणाचा दोर ऊन आणि ओल या दोन्हींपासून लांब, सावलीतल्या जाड गोल खुंटीवर वेटोळं करून. डंबेल्स मात्र जमिनीवरच ठेवा, ते भिंतीवर चढवण्यात काही अर्थ नाही.

भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नाहीत, हे खरं. त्यांच्यासाठी जमिनीपासून छतापर्यंत दाबून बसणारा, उंची कमीजास्त करता येणारा खांब मिळतो, त्यावर दोन सायकली किंवा किटबॅगा राहतात. वरचं टोक स्लॅबला किंवा बीमला टेकलं पाहिजे, फॉल्स सिलिंगला नव्हे, एवढं बघा. घर सोडताना खांब सोबत येतो.

‘घर आहे की दुकान’ असं म्हणणारी मंडळी प्रत्येक घरात एक तरी असते. त्यांना माझं उत्तर असं, की शोकेसमधल्या काचेच्या बदकांपेक्षा रोज वापरून घासलेली बॅट भिंतीवर जास्त शोभते. आपल्या शाळांत क्रीडा विभागाच्या भिंतीवर लेझिमी ओळीने दांडीला टांगलेल्या असायच्या. तालमीत करेला, मुद्गल ही फिरवायची जड लाकडी साधनं भिंतीशी मांडून ठेवलेली असतात, अडगळीत टाकत नाहीत. साधनाला जागा द्यायची ही आपली रीत आहे, ती फ्लॅटमध्ये आणायला लाजायचं काही कारण नाही.

राहिला जिना. जिन्यात, लँडिंगवर सायकली लावणं मला मुळीच पटत नाही. आग लागली तर उतरायची वाट तीच आहे, आणि ती मोकळी ठेवणं ही ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याच्या दृष्टीनेही आपली जबाबदारी आहे. पण कमिटीने नुसती नोटीस लावून सायकली हटवणंही मला मान्य नाही. जागा न देता हटवलेली सायकल भंगारात जाते, मी हे होताना बघते आहे.

पार्किंगमधली एक भिंत घ्या. दहा फूट भिंतीशी सायकली जमिनीवर शेजारी शेजारी लावल्या तर पाच मावतात आणि पुढे सहा फूट जागा अडते. त्याच भिंतीला आडवी रेल मारून दर दीड फुटावर हुक लावा, एक हुक उंच, एक जरा खाली, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. सहा-सात सायकली उभ्या राहतात आणि भिंतीपासून पुढे चार फुटांच्या आतच जागा जाते. हुक रेलवर सरकणारे घेतले तर लहान मुलांच्या सायकलींसाठी एक टोक खाली ठेवता येतं. पाऊस आत न येणारी बाजू निवडा, काँक्रीटच्या कॉलमचा आधार घ्या, कुलूप घालायला खाली एक कडी ठेवा. गाडीच्या एका जागेच्या निम्म्यात सहा-सात सायकलींची सोय होते. ती भिंत सोसायटीच्या मालकीची असल्यामुळे परवानगी लागेल, तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत लेखी विषय द्या, सोबत भिंतीचं माप आणि विंगमधल्या सायकलींची यादी जोडा. खर्चाचा अंदाज त्यातच असू द्या, म्हणजे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायला कोणाला जागा उरणार नाही.